सावली नाही, पर्स्पेक्टिव्ह नाही, अर्धा कागद कोरा: चिनी चित्र बघायचं कसं?

प्रश्न असा आहे: ‘चिनी निसर्गचित्रांत छायाप्रकाश नसतो, पर्स्पेक्टिव्ह चुकलेलं असतं, अर्धा कागद कोरा असतो आणि भलत्याच ठिकाणी लाल शिक्के मारलेले असतात. त्यांना जमत नव्हतं की मुद्दाम असं करत? आणि सगळी चित्रं सारखीच दिसत असताना त्यातलं चांगलं ओळखायचं कसं?’ विचारणारे कलामहाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहेत.

मी गेली बावीस वर्षं चिनी शाई आणि कुंचल्यानं काम करतो. त्याआधी आपल्याकडची जलरंगाची रीतसर तालीम झालेली. त्यामुळे हा प्रश्न मलाही पडला होता, आणि तोही उद्धटपणे: एवढी थोर परंपरा आणि साधी सावली पाडता येत नाही? पुढे चीनमधल्या हांगचौला एक हिवाळा शिकायला राहिलो तेव्हा ती गुर्मी उतरली.

उत्तर आधी सांगून टाकतो. माहीत होतं, करूनही पाहिलं होतं, आणि विचार करून बाजूला ठेवलं.

सावलीपासून सुरुवात करू, कारण त्यात आपलाही हात आहे. सहाव्या शतकात जांग संगयौ नावाच्या चित्रकारानं आजच्या नानजिंगमधल्या एका बौद्ध मंदिराच्या दारावर फुलं रंगवली. जुन्या नोंदीत म्हटलंय की ही भारतातून आलेली पद्धत. लांबून फुलं उठून आलेली दिसत, जवळ गेलं की सपाट. लोकांना त्याचं इतकं अप्रूप वाटलं की मंदिराला ‘उंचसखल मंदिर’ असंच नाव पडलं. ही पद्धत काय असेल याचा अंदाज मराठी माणसाला सहज येईल. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा: कडेला गडद, मधे उजळ, आणि उजेड नेमका कुठून येतोय याचा पत्ता नाही. आपल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, याला वर्तना म्हणतात. वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या बौद्ध गुहांमधल्या सुरुवातीच्या भिंतींवरही असंच काम आहे. तिथे तर कडांचा रंग शतकानुशतकं काळवंडत गेल्यानं ते आज भलतंच ठसठशीत दिसतं.

म्हणजे सावली घरात आली होती. डोंगराला घडण द्यायला चिनी चित्रकारांनी गडद-फिकं भरपूर वापरलं. पण पडछाया, म्हणजे झाडाची जमिनीवर पडलेली सावली, त्यांनी घेतली नाही. पडछाया घेतली की चित्राला घड्याळ लागतं. सकाळचे साडेनऊ वाजले, सूर्य उजवीकडे, बघणारा अमुक एका दगडावर बसलाय, असं सगळं पक्कं होतं. डोंगर मात्र साडेनऊलाही असतो आणि संध्याकाळीही. त्यांना तो डोंगर हवा होता.

पर्स्पेक्टिव्हचीही, म्हणजे एका जागी उभं राहून जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवायच्या रीतीचीही, हीच गोष्ट. अकराव्या शतकात शन ख्वो नावाचा एक बहुश्रुत अधिकारी होऊन गेला. त्यानं दहाव्या शतकातल्या ली छंग या मोठ्या चित्रकाराला एका मुद्द्यावर चांगलंच झापलंय. ली छंग डोंगरावरचे मंडप काढताना छपराची वळचण खालून वर बघितल्यासारखी काढायचा, जमिनीवर उभ्या माणसाला आढ्याचे वासे दिसतात तशी. शन ख्वोचं म्हणणं, निसर्गचित्राची रीतच वेगळी आहे: मोठ्याकडे लहान असल्यासारखं बघायचं, जसं आपण अंगणातल्या दगडांच्या छोट्या डोंगराकडे बघतो. खऱ्या डोंगराखाली उभं राहून खालून वरच बघायचं ठरवलं तर एकच कडा दिसेल. त्यामागचा दुसरा कडा, दरी, दरीतलं गाव कसं दिसणार? आता हे बघा, एका उभ्या जागेवरून दिसणारं चित्र काढणारा माणूस त्यांच्याकडे दहाव्या शतकातच होता, आणि टीका झाली ती त्याच्यावर.

अठराव्या शतकात हाच सामना पुन्हा झाला. १७१५ मध्ये कास्तिल्योने हा जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघातला इटालियन चित्रकार पेकिंगच्या दरबारात पोचला आणि पन्नास वर्षं तिथेच राहिला. त्यानं युरोपी पर्स्पेक्टिव्ह आणलं, शिकवलं. त्याच दरबारातला चित्रकार त्सौ यीग्वेई यानं लिहून ठेवलंय की हे पाश्चात्त्य लोक मोजमापात पटाईत. भिंतीवर दालन काढलं तर आत चालत जावंसं वाटेल. पण कुंचल्याची रीत अजिबात नाही, म्हणून कसब असलं तरी ती कारागिरीच. मला हे वाक्य जरा कद्रू वाटतं, पण कुठला निकष लावून पास-नापास करायचं हे त्यात लख्ख दिसतं.

आता एक चित्र जवळून बघू. ग्वो शीचं ‘वसंताची चाहूल’, साल १०७२. रेशमावर शाई आणि अगदी फिका रंग, उंची १५८ सेंटिमीटर, रुंदी १०८. सध्या तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. डाव्या कडेला चित्रकारानं स्वतः नाव आणि वर्ष घातलंय, जे त्या काळी दुर्मीळ.

पहिल्या नजरेला मधोमध एक वळत-पिळत वर गेलेला डोंगर आणि धुकं, एवढंच दिसतं. घाई करू नका. खाली डावीकडे काठाला होडी लागलीय आणि एक कुटुंब उतरलंय. बाईच्या कडेवर तान्हं मूल आहे. त्यांच्याबरोबर निघा. पुढचे खडक आपण वरून बघतोय, अगदी माथ्यासकट. मधल्या भागात उजवीकडे धबधबा, त्याच्या कुशीत मंदिराची छपरं. डावीकडे नजर वळवली तर दरी सपाट होत लांबवर निघून जाते, तिथे आपण समोर बघतोय. आणि मुख्य शिखर? त्यासाठी मान वर करावी लागते. एकाच चित्रात तीन नजरा. ग्वो शीनं त्यांना नावंही दिली आहेत: उंच दूर, खोल दूर, सपाट दूर. त्याची टिपणं मुलानं नंतर एकत्र केली, त्यात तो म्हणतो की डोंगर जवळून एक दिसतो, काही कोसांवरून दुसरा. पावलागणिक त्याचा आकार बदलतो. ज्यांनी राजगड चढताना सुवेळा माची तीन ठिकाणांहून तीन तऱ्हेची पाहिली आहे त्यांना हे समजावायला नको. आणि निसर्गचित्र कसं असावं? त्यात चालता यावं, बघता यावं, भटकता यावं, राहता यावं. शेवटच्या दोन गोष्टी साधणारं चित्र वरच्या प्रतीचं.

हा विचार त्याच्याही बराच आधीचा. त्सोंग बिंग (३७५–४४३) म्हातारपणी डोंगर चढेनासा झाला, तेव्हा त्यानं पाहिलेले डोंगर घराच्या भिंतींवर काढले आणि आडव्या आडव्या यात्रा केली. चिनी भाषेत त्याला ‘पडल्या पडल्या भटकणं’ असाच शब्द रुळला. चित्र जर भटकायची जागा असेल, तर बघणाऱ्याला एका खुर्चीला बांधून ठेवणारं पर्स्पेक्टिव्ह अडचणीचंच. लांब गुंडाळीचं चित्र तर एका वेळी हातभरच उघडायचं, उजवीकडून डावीकडे, मागचं गुंडाळत पुढचं सोडत. संग्रहालयात सहा मीटर एकदम काचेखाली पसरलेलं दिसतं, ती खरं तर सोय आहे, पद्धत नाही.

कोऱ्या जागेकडे येतो. ११२७ मध्ये उत्तरेकडची राजधानी कायफंग ईशान्येकडून चालून आलेल्या जुर्चेन लोकांच्या हाती गेली, दरबार दक्षिणेला हांगचौला आला. तिथे मा युआन आणि श्या ग्वेई हे दोन दरबारी चित्रकार गाजले. चित्रातला ऐवज एका कोपऱ्यात, बाकी मोकळं, अशी त्यांची मांडणी. लोकांनी नावंच पाडली, ‘एक-कोपरा मा’ आणि ‘अर्धी-बाजू श्या’. मा युआनच्या नावावर असलेलं, टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं एक चित्र बघा: थंडीतल्या पाण्यावर एक होडी, त्यात वाकून गळ टाकलेला कोळी, होडीच्या आसपास पाण्याच्या चार-दोन रेघा. संपलं. होडीचं एक टोक किंचित वर उचललंय, कारण माणूस दुसऱ्या टोकाला बसलाय. तेवढ्या वजनानं सगळा कोरा भाग पाणी होतो. बोटानं होडी झाकून बघा, उरतं ते नुसतं जुनं रेशीम.

या खेळात बघणाऱ्यावर किती भरवसा टाकलाय याचा अंदाज कायफंग पडण्याआधीच्या ह्वेईत्सोंग सम्राटाच्या चित्रशाळेच्या परीक्षांवरून येतो. कवितेची ओळ द्यायची, तिचं चित्र काढायचं. एकदा ओळ होती: ‘रानातलं पाणी, ओलांडायला कोणी नाही, एकटी होडी दिवसभर आडवी.’ बहुतेकांनी काठाला बांधलेली रिकामी होडी काढली, वर बगळा नाही तर कावळा बसवला. पहिला आला त्यानं होडीत नावाडी काढला: मागच्या टोकाला आडवा पडून बासरी वाजवणारा. नावाडी आहे, उतारू नाही. म्हणून दिवस जाता जात नाही. गंमत अशी की ‘कोणी नाही’ हे दाखवायला त्यानं एक माणूस वाढवला.

इथवर कल्पनेचं झालं. पण हे सगळं ज्या हातानं होतं त्याबद्दल न बोलता चिनी चित्र समजत नाही, आणि माझं खरं प्रेम तिथेच आहे.

शाई म्हणजे काजळी आणि सरस, वडी करून वाळवलेली. दगडावर थोडं पाणी घालून ती घासायची. एवढं वीस मिनिटांचं काम, पण त्यात घाई केली की शाईत कण राहतात आणि फिकी छटा गढूळ येते. एका वडीतून कोरडी काळी, ओली काळी, राखाडी, धुक्यासारखी अशा छटा निघतात. ग्वो शी तर रात्रभर ठेवलेली शिळी शाईही वेगळी मोजतो. मुंबईच्या पावसाळ्यात शिळी शाई ठेवून बघा, सरस कुजून असा वास सुटतो की घरचे तुम्हाला शाईसकट बाहेर काढतील. हाच ग्वो शी, मुलानं सांगितल्याप्रमाणे, चित्राला बसायच्या दिवशी स्वच्छ मेजाशी, उजेडाच्या खिडकीपाशी धूप लावून, हात आणि दगड धुऊन बसायचा, कुणी मोठा पाहुणा येणार असल्यासारखा.

कागद दोन जातींचा: कच्चा, आणि तुरटी-सरस देऊन पक्का केलेला. आन्ह्वेई प्रांतातला श्वेन कागद कच्चा घेतला तर तो शाई टीपकागदासारखी पितो. कुंचला टेकला आणि तुम्ही क्षणभर थांबलात, की तिथे डबकं झालंच. पुसणं नाही, वरून सारवणं नाही. मी पहिल्या दिवशी जलरंगाच्या सवयीनं एका पानावर दुसरा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, द्यायला गेलो आणि कागद लगदा होऊन कुंचल्याला चिकटून आला. शिक्षक काही बोलले नाहीत, नुसता नवा ताव पुढे सरकवला. पुढचे कित्येक दिवस मी एकच गोष्ट काढत होतो, गवताचं लांब पातं. कुंचल्याचं टोक आत दडवून सुरुवात, मधे दाब, मग उचल, पुन्हा दाब, आणि सोडताना पात्यासारखी निमुळती उचल. आपल्याकडे बोरूनं कित्ता गिरवायचे तसंच हे. किंबहुना चिनी माणूस चित्र ‘काढतो’ असं म्हणण्याऐवजी ‘लिहितो’ असंच बरेचदा म्हणतो.

जाओ मेंगफू (१२५४–१३२२) या चित्रकार-सुलेखनकारानं आपल्या खडक आणि बांबूच्या चित्रावर हे उघडच लिहिलंय: खडक अमुक वळणाच्या अक्षरासारखा, झाड तमुक जुन्या लिपीसारखं, आणि बांबू काढायचा तर अक्षराचे नियम यायला हवेत. एकदा चित्र हे अक्षर झालं की ते हुबेहूब आहे का हा प्रश्न मागे पडतो, हात कोणाचा हा पुढे येतो. त्याच्याही आधी सू शी हा कवी म्हणून गेला होता की चित्राची पारख सारखेपणावरून करणाऱ्याची समज पोराटोरांएवढी. नी त्सान (१३०१–१३७४) तर म्हणायचा, माझ्या बांबूला लोक ताग म्हणोत नाही तर बोरू, मी वाद घालत नाही. त्याच्या चित्रांत पुढे चार-पाच किडकिडीत झाडं, एक रिकामा मंडप, मधे पाणी, पलीकडे बुटके डोंगर, आणि बहुतेक ठिकाणी माणूस नाहीच. तो खडक काढताना कुंचला आडवा ओढून एकदम खाली मोडतो, दुमडलेल्या फितीसारखा. खडकाच्या पोतासाठी अशा फटकाऱ्यांचे ठरलेले प्रकार आहेत: तागाचे धागे, कुऱ्हाडीचे घाव, पावसाचे थेंब. मी सह्याद्रीच्या कातळावर सगळे वापरून पाहिले. आपले थरावर थर रचलेले कडे फक्त नी त्सानच्या फितीनं वठतात.

पण या अक्षरवाल्या पंडितांचं सगळंच गोड मानून घेऊ नका. हौशी विद्वानाचं ते श्रेष्ठ आणि पोटासाठी रंगवणाऱ्याचं ते हलकं, हा भेद मिंग राजघराण्याच्या काळात दोंग छीछांग (१५५५–१६३६) या चित्रकार-समीक्षकानं उत्तर आणि दक्षिण अशा दोन शाखा पाडून पक्का केला, आणि मा-श्यासारखे दरबारी चित्रकार खालच्या पंगतीत बसले. तेराव्या शतकातला भिक्षू मूछी याचं काम चिनी समीक्षकांना ओबडधोबड वाटलं. त्याची सहा फळांची ती प्रसिद्ध चौकट आज क्योतोच्या दाइतोकुजी मठात आहे. जपानी भिक्षूंनी जपलं नसतं तर आपल्याला मूछी माहीतच नसता. घराण्याचा अभिमान वाढला की कान बंद होतात, हे गाण्यात आपणही पाहिलंय.

शिक्क्यांचं उत्तर एका चित्राच्या गोष्टीतून देतो. ह्वांग गोंगवांगनं १३४७ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, फूछुन डोंगरांची लांब गुंडाळी सुरू केली. सुचेल तसं भर घालत गेला. १३५० मध्ये त्यानंच शेवटी लिहिलंय की तीन-चार वर्षं झाली तरी पूर्ण नाही, पण ज्या वूयोंग नावाच्या मित्रासाठी हे आहे त्याला धास्ती आहे की कोणी लांबवेल, म्हणून मालकाचं नाव आधीच घालून ठेवतो. धास्ती खोटी नव्हती. १६५० मध्ये तेव्हाचा मालक वू होंगयू मरणाला टेकला आणि लाडकं चित्र सोबत न्यायला म्हणून त्यानं ते जाळायला लावलं. पुतण्यानं ऐन वेळी ते ओढून काढलं, पण तोवर दोन तुकडे झाले होते. छोटा, ५१ सेंटिमीटरचा, आज हांगचौला आहे. मोठा, जवळजवळ ६३७ सेंटिमीटरचा, तैपेईला. २०११ मध्ये ते काही आठवडे तैपेईत शेजारी शेजारी मांडले गेले.

मधे छ्येनलोंग सम्राट येतो. याला चित्रावर लिहायची भारी हौस. १७४५ मध्ये त्याच्याकडे या गुंडाळीची एक नक्कल आली. तीच अस्सल समजून त्यानं मोकळ्या जागेत पुनःपुन्हा शेरे आणि कविता लिहिल्या. पुढच्याच वर्षी खरी गुंडाळी आली, आणि आता चूक कबूल कोण करणार? खरीच नक्कल ठरवली गेली. त्यामुळे खऱ्या चित्राची कोरी जागा बऱ्यापैकी वाचली.

तर ते लाल शिक्के असे: काही चित्रकाराचे, बहुतेक मालकांचे आणि जाणकारांचे. चित्र कोणाकोणाच्या हातून गेलं याचा तो सातबाराच. चांगला शिक्का जागा बघून मारलेला असतो, रचनेला तोल देतो. छ्येनलोंगचे बरेचसे तसे नाहीत.

आता ओळखायचं कसं. लांबून आखीव रचना बघून ठरवू नका, नक्कल करणारा तेवढं साधतोच. एक फांदी पकडा आणि तिच्या टोकापर्यंत डोळा कुंचल्यासारखा चालवा: हात कुठे दबला, कुठे थांबला, कुठे शाई संपत आली तरी ओढत नेली. नक्कल करणाऱ्याची रेघ मूळ रेघेच्या मागे धावत असते, ती कधी थरथरते तर कधी गुळगुळीत, मेल्यासारखी होते. मग पायवाट शोधा आणि ती कुठे पोचते ते बघा. वाईट चित्रात ती धुक्यात शिरते आणि पलीकडे बाहेर पडतच नाही. काळ्यातला काळा आणि फिक्यातला फिका यांच्यामधे किती पायऱ्या आहेत त्या मोजा. रेशीम तपकिरी पडलेलं असतं तो मूळ रंग नव्हे, तेवढं डोक्यात वजा करा. चीनमध्ये म्हणतातच, कागदाचं आयुष्य हजार वर्षं, रेशमाचं आठशे.

आणि मोबाइलवरच्या बोटभर फोटोवरून मत बनवू नका. तैपेईच्या संग्रहालयानं मोठ्या आकाराच्या प्रतिमा खुल्या केल्या आहेत. फान ख्वानचं ‘डोंगर-ओढ्यांतले वाटसरू’ काढा, इसवी सन १०००च्या आसपासचं, दोन मीटरहून उंच. वरचा दोन-तृतीयांश भाग नुसता कडा आहे, त्यावरून केसासारखा धबधबा. तो सोडून खाली उजवीकडे या. झाडीतून खेचरांचा छोटा तांडा निघतोय, मागोमाग माणूस. त्याच्या मागच्या पानांत, पानांच्याच फटकाऱ्यांमधे, दोन अक्षरं लिहिलेली आहेत: फान ख्वान. सम्राटांनी आणि जाणकारांनी नऊशे वर्षं हे चित्र पाहिलं, पण ती सही १९५८ मध्ये संग्रहालयातल्या एका अभ्यासकाला दिसली. मला ती शोधायला, कुठे आहे ते माहीत असूनही, पंधरा मिनिटं लागली.